स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? बीएमआय ३९, शुगर आणि रोजची ॲसिडिटी असताना काय निवडावं

पाऊलवाट

मोठ्या बहिणीच्या वजन उतरवण्याच्या ऑपरेशनबद्दल विचारतोय. वय ४४, उंची १५८ सेंमी, वजन ९८ किलो. टाइप २ मधुमेह ९ वर्षं, इन्सुलिन नाही. गोळ्या: मेटफॉर्मिन एसआर, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.६. छातीत जळजळ जवळपास रोज, पँटोप्राझोल घेतल्याशिवाय रात्र निघत नाही. जोरात घोरते. पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. मिश्री लावते.

एका सर्जननी स्लीव्ह सांगितली: ऑपरेशन सोपं, आतड्याला हात लागत नाही. दुसऱ्यांनी मिनी बायपास सांगितली: शुगरवर जास्त असर. एन्डोस्कोपी अजून कुणीच केलेली नाही. निवड नेमकी कशावर करायची? तयारी काय लागते? शाकाहारी माणसाचं प्रोटीन कसं भागतं? आणि सध्या वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे, त्यांवर भागणार असेल तर ऑपरेशन हवंच कशाला?

दुर्बीण

एन्डोस्कोपीशिवाय ऑपरेशन ठरवूच नका. या केसमध्ये निर्णय शुगरपेक्षा अन्ननलिकेवर जास्त ठरतो.

स्लीव्हमध्ये तोंडातून ३६ ते ४० फ्रेंच जाडीची नळी, म्हणजे साधारण १२-१३ मिमीची, जठरात घालतात. तिच्या कडेने, पायलोरसच्या (जठराच्या खालच्या तोंडाच्या) ४ ते ६ सेंमी अलीकडून सुरुवात करून वरपर्यंत स्टेपलर मारत जातात आणि जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. भूक वाढवणारं घ्रेलिन बनवणारा वरचा फुगीर भाग त्यातच जातो. उरते ती केळ्याच्या आकाराची, १००-१५० मिली मावणारी नळी. ही नळी अरुंद, आत दाब जास्त, खाली पायलोरसची झडप शाबूत. शिवाय अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला जो कोन आम्ल वर येऊ देत नाही, तोच कापला जातो. म्हणजे आधीपासून जळजळ असलेल्या माणसाचं दुखणं वाढायला सगळं अनुकूल. फिनलंडच्या स्लीव्हपास अभ्यासात १० वर्षांनी एन्डोस्कोपी केल्या, तेव्हा स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्के लोकांना अन्ननलिकेचा दाह होता, बायपासवाल्यांमध्ये ७ टक्के.

रू-एन-वाय बायपासमध्ये वर ३० मिलीची छोटी पिशवी करतात. लहान आतडं सुरुवातीपासून ५० ते १०० सेंमीवर कापून खालचं टोक पिशवीला जोडतात, आणि पित्त-स्वादुरस आणणारी नळी त्यापुढे १०० ते १५० सेंमीवर जोडतात. जोड दोन. उरलेलं मोठं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिथून जात नाही. पिशवीत आम्ल फारसं बनत नाही आणि पित्त दूर वळवलेलं असतं, म्हणून जळजळीवर याच्यासारखा उपाय नाही.

मिनी बायपास, म्हणजे एका जोडाची, त्यात जठराची लांबट अरुंद पिशवी करून ती आतड्याच्या सुरुवातीपासून १५० ते २०० सेंमीवर एकाच जागी जोडतात. वेळ कमी लागतो, शुगर चांगली उतरते, भारतात बरीच चालते. पण पित्त त्याच जोडाशेजारून वाहतं आणि ते पिशवीत, क्वचित अन्ननलिकेत चढतं. तेव्हा एन्डोस्कोपीत अन्ननलिकेचा दाह सी किंवा डी ग्रेडचा (ए सौम्य, डी सर्वात तीव्र) निघाला, किंवा बॅरेट्सचे बदल (आम्लामुळे अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) दिसले, तर स्लीव्ह नको आणि मिनीही नको, सरळ रू-एन-वाय. दाह नाही किंवा ए ग्रेडचा आहे, आणि छोटा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे, तर तो त्याच वेळी शिवून बाकीच्या पर्यायांवर बोलता येतं. तरीही रोजची गोळी लागणाऱ्या पेशंटला स्लीव्ह द्यायला मी तरी कचरेन.

"आतड्याला हात लागत नाही" हे खरं, पण त्याचा अर्थ स्लीव्ह निर्धोक असा नाही. स्टेपलची रेघ लांब असते. गळती झालीच तर बहुतेक वेळा सर्वात वर, अन्ननलिकेच्या तोंडाशी. तिथला रक्तपुरवठा कमी आणि मधल्या वळणावर नळी थोडी जरी अरुंद झाली की वरचा दाब वाढतो. ती गळती भरायला आठवडे जातात. बायपासमधली गळती सहसा लवकर आटोक्यात येते, मात्र तिथे पुढे जोडावर अल्सर आणि आतडं अडकण्याचा धोका राहतो. जठराला वरून आवळणाऱ्या बॅंडचं नाव आता कुणी काढत नाही: सरकतो, जठरात रुततो, शेवटी काढावा लागतो.

एन्डोस्कोपीतच एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी करून घ्या आणि निघाला तर आधी उपचार. बायपासनंतर मागे राहिलेल्या जठरात साध्या एन्डोस्कोपीने पोचता येत नाही. पोटाची सोनोग्राफीही हवी, पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला.

पाऊलवाट

मनापासून आभार. मिनी म्हणजे छोटी, कमी जोखमीची, असंच आम्ही धरून चाललो होतो. शुगर पूर्ण जाईल का, हे ताई सारखं विचारतेय. आणि बलूनबद्दलही एकानं सांगितलं.

गुंगीवाला

शुगरचं आधी. अमेरिकेतल्या स्टॅम्पीड अभ्यासात १५० पेशंट होते. एचबीए१सी ६ किंवा त्याखाली आणणं हे लक्ष्य. एका वर्षाने ते फक्त औषधांवर १२ टक्के, स्लीव्हवर ३७, बायपासवर ४२ टक्के लोकांना साधलं. पाच वर्षांनी हेच आकडे ५, २३ आणि २९. म्हणजे फायदा मोठा आहे, पण "शुगर कायमची गेली" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध राहा. मधुमेह जितका जुना, गोळ्या जितक्या जास्त, इन्सुलिन जितकं आधीपासून, तितकी शक्यता कमी. ९ वर्षं, तीन गोळ्या, इन्सुलिन नाही: ताई मधल्या गटात येतात. सी-पेप्टाइड करून घ्या, स्वादुपिंडात किती जोर शिल्लक आहे ते कळेल.

बलून: जठरात फुगा ठेवून त्यात ४०० ते ७०० मिली सलाईन भरतात, त्यात निळा रंग घालतात. लघवी निळी-हिरवी झाली तर बलून फुटला, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. सहा महिन्यांनी काढावाच लागतो आणि नंतर वजन परतायला लागतं. त्यातही जळजळ असलेल्यांना तो सोसत नाही. हा पर्याय यादीतून काढून टाका.

इंजेक्शनं: टिरझेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनासाठीची ब्रँड २०२५मध्ये भारतात आली. जाहिरातीत दिसणारे आकडे बहुतेक मधुमेह नसलेल्या लोकांचे असतात: सेमाग्लुटाइडवर सुमारे १५ टक्के, टिरझेपटाइडच्या सर्वात मोठ्या डोसवर सुमारे २१ टक्के वजन उतरतं. टाइप २ असलेल्यांच्या चाचण्यांत तेच साडेनऊ आणि पावणेपंधराच्या आसपास आहे. स्लीव्हने एकूण वजनाच्या साधारण २५ टक्के आणि बायपासने ३० टक्के उतरतं. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोनतृतीयांश वजन परत चढल्याचं सेमाग्लुटाइडच्या पाठपुराव्यात दिसलंय. ऑपरेशनची तयारी नसेल तर इंजेक्शन हा खरा पर्याय आहे, पण खर्च वर्षानुवर्षांचा धरा. ती चालू असतील तर भूल देणाऱ्याला शेवटचा डोस कधी घेतला ते सांगायलाच हवं. पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि भूल देताना अन्न फुप्फुसात जायची भीती असते.

आता या केसमध्ये घात करू शकेल अशी गोष्ट: डापाग्लिफ्लोझिन. ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी ती बंद हवी. त्यातही आधीचे दोन आठवडे यकृत लहान करण्यासाठी ८०० ते १२०० कॅलरींचा, कमी पिठूळ आहार असतो, आणि उपाशी शरीरात ही गोळी कीटोॲसिडोसिस (रक्तात घातक आम्ल साचणं) घडवते. गंमत अशी की तेव्हा ग्लुकोमीटरवर शुगर १६०-१८० दिसते, म्हणून कुणाला संशय येत नाही. उलट्या, धाप, गळून जाणं सुरू झालं तर रक्तातले कीटोन तपासायचे. बहुतेक वेळा ही गोळी आहार सुरू होतो त्याच दिवशी थांबवतात. ग्लिमेपिराइडही तेव्हाच कमी किंवा बंद, नाहीतर शुगर ५०वर येऊन चक्कर. हे सगळं मधुमेहाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, तोंडी नको.

घोरण्यासाठी झोपेची तपासणी करा. मध्यम किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) निघाला तर सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन आधीच काही आठवडे लावून सवय करायची आणि हॉस्पिटलात सोबत न्यायचं. एचबीए१सी शक्यतो ८च्या आसपास आणा.

मिश्री सोडायचीच, किमान सहा आठवडे आधी आणि बायपास असेल तर जन्मभर. "सिगारेट नाही ओढत" म्हणून फॉर्मवर "तंबाखू नाही" लिहिलं जातं आणि सहा महिन्यांनी जोडावर अल्सर घेऊन पेशंट येतो. निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातंच. अल्सरचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनच्या गोळ्या. गुडघे दुखले तर पॅरासिटामॉल. एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही बायपासनंतर नीट विरघळतील याचा भरवसा नाही, मेटफॉर्मिन साध्या गोळीत बदलून घ्या. बीपीची गोळी चालू असेल तर पहिल्या आठवड्यांतच ती जास्त होऊ शकते; पाणी कमी पोटात जातं, त्यात लघवीची गोळी असेल तर किडनीवर ताण.

ताकभात

प्रोटीनचा हिशेब दिवसाला ६० ते ८० ग्रॅमचा. शाकाहारी आणि अंडं नाही, तर पहिले दोन-तीन महिने व्हे (दुधातल्या प्रोटीनच्या) पावडरशिवाय तो जमत नाही, हे आत्ताच मान्य करून टाका. घरोघरी चुकतं ते असं: "वरणाचं पाणी देतोय की दिवसातून पाच वेळा." वरणाच्या पाण्यात प्रोटीन नावापुरतं. घट्ट वरणाची वाटी असेल तर ६-७ ग्रॅम. गाईचं दूध २०० मिलीत साडेसहा, पनीर १०० ग्रॅममध्ये १८ च्या आसपास, सोयाचे कोरडे तुकडे २५ ग्रॅममध्ये १३, व्हेचा एक स्कूप साधारण २४. ऑपरेशननंतर एका वेळी जातात चार-पाच चमचे, त्यामुळे ताटातली पहिली जागा प्रोटीनची, मग भाजी, आणि पोळी-भात राहिलेल्या जागेत.

टप्पे सर्जनगणिक थोडे बदलतात, पण साधारण असं. पहिले एक-दोन दिवस फक्त नितळ: पाणी, नारळपाणी, गाळलेलं पातळ ताक. दर १५ मिनिटांनी ३० मिली. म्हणजे तासाला १२० मिली आणि जागेपणीच्या साडेबारा तासांत दीड लिटर. औषधाचा मोजकप वापरा, भांड्याने अंदाज चुकतो. मग दोन आठवडे सगळे द्रव: दूध, ताक, गाळलेलं डाळीचं सूप, पाण्यात किंवा दुधात व्हे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेलं: मिक्सरमधून काढलेली डाळ, दह्याचा चक्का, कुस्करलेलं मऊ पनीर. पाचव्या-सहाव्यात मऊ: आसट मूगखिचडी, शिजवून ठेचलेली दुधी-पडवळ. पोळी आणि मोकळा भात सर्वात शेवटी. मऊ ताजी पोळी भाकरीपेक्षा सोपी वाटते, पण लगदा होऊन तीच अडकते. जेवताना पाणी नाही आणि नंतर अर्धा तास नाही. घास इतका चावायचा की गिळायला काही राहू नये.

बायपासनंतर श्रीखंड, बासुंदी, उसाचा रस यांनी डम्पिंग होतं, म्हणजे गोड एकदम आतड्यात उतरतं. लगेचचं १० ते ३० मिनिटांत: पोटात कळ, घाम, धडधड, जुलाब. उशिराचं एक ते तीन तासांनी, शुगर खाली जाऊन हातपाय थरथरतात. त्यावर पुन्हा गोड खाल्लं की तेच चक्र. आणि उपवास! साबुदाणा खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, आणि निर्जळी एकादशी तर पहिल्या वर्षात पूर्ण बंद. उपवास धरायचाच असेल तर दूध, ताक, पनीर, शेंगदाण्याचं सूप यांवर धरा आणि पाणी दीड लिटर ठरलेलंच. वजन परत चढतं ते ताटभर जेवणानं नाही. शेव, चिवडा, आइस्क्रीम, कोल्ड कॉफी असं सहज खाली सरकणारं दिवसभर थोडं थोडं जात राहतं, त्यानं.

व्हिटॅमिनं जन्मभर, यात सवलत नाही. ताईंच्या बाबतीत बी१२ आधीच कमी असण्याची तीन कारणं हजर आहेत: शाकाहार, ९ वर्षं मेटफॉर्मिन आणि रोजचं पँटोप्राझोल. ऑपरेशनआधी बी१२, फेरिटिन (लोहाचा साठा), फोलेट, डी आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासा आणि कमी असेल ते तेव्हाच भरून काढा. नंतर बी१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. डी रोज ३००० युनिट, पातळी पाहून कमीजास्त. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलीग्रॅम, एका वेळी ५००-६००हून जास्त नाही, आणि सायट्रेटचं. मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या कार्बोनेटच्या असतात. त्या विरघळायला आम्ल लागतं, तेच इथे नसतं. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून घ्या. लोह पाळी चालू असलेल्या बाईला ४५ ते ६० मिलीग्रॅम, कॅल्शियमपासून दोन तास लांब आणि चहापासूनही लांब. तपासण्या ३, ६, १२ महिन्यांनी, मग दरवर्षी.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतील. घाबरून तेल बदलू नका. वजन झपाट्याने उतरल्याचा तो परिणाम आहे आणि प्रोटीन-लोह नीट असेल तर आपोआप थांबतो.

दुर्बीण, एक विचारते: मिनी बायपासमध्ये २०० सेंमी सोडलेल्या शाकाहारी बायकांना पायावर सूज, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) खाली, दिवसातून चार-पाच तेलकट जुलाब हे चित्र जास्त असतं. "वजन जास्त उतरेल" म्हणून लांबी वाढवण्यात हशील काय?

दुर्बीण

हशील कमी, मान्य. फ्रान्सच्या योमेगा चाचणीत २०० सेंमीची मिनी आणि रू-एन-वाय समोरासमोर ठेवली. वजन जवळपास सारखंच उतरलं, पण जुलाब आणि कुपोषणाच्या तक्रारी मिनीत जास्त. ताईंसारख्या केसमध्ये मिनी करायचीच झाली तर १५०वर थांबावं. खरं मोजायचं असतं ते खाली उरणारं आतडं. लहान आतड्याची लांबी कुणाची साडेतीन मीटर, कुणाची आठ. वरून २०० मोजून जोड दिला आणि खाली अडीच मीटरच उरलं, तर ती बाई कितीही पनीर खाऊ दे. म्हणून सर्जनला थेट विचारा: "वरून किती सोडणार, आणि खालचं मोजणार का?" खाली किमान तीन, शक्यतो चार मीटर उरायला हवं. या प्रश्नावर कुणी चिडलं तर तेही एक उत्तरच.

दावाअर्ज

विम्याचं थोडक्यात. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या ठरावीक शब्दांत लठ्ठपणाची शस्त्रक्रिया चार अटींवर मान्य होते: डॉक्टरांचा सल्ला, वैद्यकीय शिष्टसंमत पद्धत, वय १८ पूर्ण, आणि बीएमआय ४० किंवा जास्त. ३५ ते ४०च्या मध्ये असाल तर कमी छेदाचे उपाय फसलेले असणं आणि पुढीलपैकी एक गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयधमन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया, किंवा नियंत्रणात नसलेला टाइप २ मधुमेह. ताईंचा बीएमआय ३९.३ येतो, म्हणजे दुसरा रस्ता. मधुमेहाच्या डॉक्टरांच्या पत्रात "अनियंत्रित" हा शब्द, तीन गोळ्यांची नावं आणि मागच्या वर्षाचे एचबीए१सीचे रिपोर्ट असावेत. झोपेच्या तपासणीत तीव्र निघालं तर तोही रिपोर्ट जोडा. आहार-व्यायामाचे प्रयत्न तारखांसह कागदावर हवेत, नुसतं "प्रयत्न केले" चालत नाही.

उंची सगळ्या कागदांवर एकच असू द्या. एका ठिकाणी १५८ आणि दुसरीकडे १६१ लिहिलं की बीएमआय ३८च्या खाली येतो आणि शंका निघते. मधुमेह पॉलिसी घेताना जाहीर केला होता का ते बघा. आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. पूर्वमंजुरी घेतल्याशिवाय भरती होऊ नका. डिस्चार्जनंतरची औषधं पॉलिसीत लिहिलेल्या दिवसांपुरतीच मिळतात, जन्मभराची व्हिटॅमिनं खिशातूनच.

बीएमआय कमी असलेले वाचक असतील तर: २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी २७.५पासूनच विचार करा असं म्हटलंय, कारण आपल्याकडे त्याच बीएमआयला चरबी जास्त असते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता: दोघांचा बीएमआय २२.३, चरबी एकाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. विमा कंपनी मात्र ४० आणि ३५च मोजते.

पाऊलवाट

एन्डोस्कोपी आणि झोपेची तपासणी या आठवड्यात करतो. शेवटचं एक: घरी आणल्यावर कशावरून समजायचं की थेट हॉस्पिटलला न्यायला हवं?

दुर्बीण

पहिले दहा दिवस नाडी मोजा, सकाळ-संध्याकाळ. शांत बसलेली असताना १२०च्या वर गेली आणि खाली येईना, तर ताप नसला आणि पोट मऊ असलं तरी गळती समजूनच चालायचं. जाड्या पोटात पोट कडक होणं उशिरा कळतं. डाव्या खांद्यात दुखणं, धाप, "काहीतरी वाईट होतंय" अशी बेचैनी, हेही त्यातलंच. ऑपरेशन केलेल्या टीमला फोन आणि त्याच दिवशी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी. पोटरी एका बाजूला सुजली किंवा अचानक धाप लागली तर रक्ताची गाठ. म्हणून ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी चालायला लावतात आणि गाठ न होण्याची इंजेक्शनं सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायची, मधेच सोडायची नाहीत.

उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावून घरी पाठवतात, ते धोक्याचं. आधी थायमिनचं (बी१) इंजेक्शन, मग ग्लुकोज. नाहीतर डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, तोल जाणं, बडबड सुरू होते आणि ते नुकसान कायमचं राहू शकतं. डिस्चार्ज कार्डवर हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून घ्या, ऑपरेशनचं नाव आणि आतड्याच्या लांब्यांसकट.

पित्ताचे खडे पहिल्या सहा महिन्यांत होतात, म्हणून उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड ३०० मिलीग्रॅम दोन वेळा, सहा महिने.

आणि बायपास झाली तर सहा महिन्यांनी, वर्षांनीही हे लक्षात ठेवा: जेवल्यावर बेंबीच्या वर पिळवटून कळ येते, तासाभराने जाते, पुन्हा येते. वजन उतरताना आतड्याच्या पडद्यातली चरबी झिजते, शिवलेल्या फटी सैल होतात आणि आतडं त्यांतून सरकतं. सोनोग्राफी नॉर्मल येते, रक्त नॉर्मल येतं, ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळतं. सीटी करा, आणि तोही नॉर्मल आला पण कळ थांबेना तर दुर्बिणीतून पोट बघायला सांगा.